आजीचे हसणे आणि गेन

वारासिवनीच्या आमच्या घरी आजीच्या बोलण्याच्या काही जुन्या कॅसेटी आहेत. १९५६ साली शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. आजीच्या तोंडचे ‘कोन’ मात्र ‘कोण’ झाले नाही. ती बोली टिकावी म्हणून आम्ही कॅसेटी संगणकावर उतरवू लागलो.

आवाज बारीक वाटला, म्हणून पहिल्या खेपेस परिवर्तकाचा गेन वाढविला. हळू बोलणे सुरेख उतरले. पण आजी खळखळून हसली आणि पातळीचा दिवा लाल झाला. शून्य डेसिबलच्या वरचे परिवर्तकाला नोंदविताच येत नाही. ध्वनितरंगाचे माथे कापले जातात. मागाहून आवाज कमी केला तरी ते परतत नाहीत. कॅसेट पुन्हा लावली, तर फीत यंत्रात अडकून चुरगळली. ते हसणे आता आमच्याकडे फाटलेलेच आहे.

तेव्हापासून आम्ही सर्वांत मोठ्या आवाजावरून गेन ठरवितो. त्याचे शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवितो. २४ बिटांच्या नोंदीतला बारीक आवाज नंतर वाढविता येतो. कॅसेटची स्वतःची खरखर परिवर्तकाच्या खरखरीहून कितीतरी मोठी असते.

सीमेपलीकडील वाचकहो, आपल्या माळ्यावरही अशा कॅसेटी असतील. गेन थोडा कमीच ठेवा, आणि उशीर करू नका.