आत्याचा फोटो

आमच्या खामगावाकडे क्ष-किरणांना ‘फोटो’च म्हणतात. चुकीचे काय? 1895 साली राँटगेनने बायकोच्या हाताचा काढला, तोही फोटोच.

आत्याच्या पायाची बोटे काळी पडली, तेव्हा गुडघ्याखाली कापण्याचा सल्ला मिळाला. रंगद्रव्य सोडून काढलेला फोटो पाहून ती म्हणाली, “कुठं अडलं ते दिसते ना? मंग तेवढंच मोकळं करा!”

हट्टच तो, पण 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी नेमके हेच केले होते. पाय कापू न देणाऱ्या 82 वर्षांच्या बाईच्या मांडीतल्या रोहिणीत नळ्या सरकवून, पडद्यावर पाहत, वाट मोकळी केली.

आत्याला नागपुरास नेले. फुगा फुगवला, रक्त पावलापर्यंत उतरले. दोन बोटे मात्र गेलीच.

“आठ हायेत की,” म्हणत ती आता पायी शेगावला निघाली आहे. चप्पल तेवढी नवी मागते.