हाकाऱ्याचा नातू

दुकानातल्या पोराने कोपऱ्यातली इलेक्ट्रिक सायकल पुढे ओढली. "काका, ही बघा. अमेरिकेत लोक अशीच घेऊन शिकारीला जातात." चार इंच रुंद टायर, अंगावर पाचोळ्यासारखी हिरवी-तपकिरी नक्षी. मोबाइलवर त्याने फोटोही दाखवला, कॅरिअरला धनुष्य बांधलेला. मी म्हटलं, "बाळा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे भेकर मारलं तर थेट तुरुंग." पण खरं सांगायचं तर मला शिकाऱ्याचीच सायकल हवी होती. बंदूक तेवढी नको होती.

आमचं घर मुरूड तालुक्यात, नांदगावला. पाठीशी फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे राखीव शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. माझे आजोबा नवाबाच्या हाक्यात जायचे. डबे बडवत, आरडाओरडा करत एका अंगाने रान उठवायचं आणि सावज मचाणाकडे लोटायचं. दोन दिवस घसा बसलेला असायचा, असं आजी सांगायची. नातवाला मात्र आवाज नको होता. स्कूटरवरून सुपेगावच्या बाजूला गेलो की शेकरू दिसण्याआधीच पानांत गडप. साध्या सायकलवर गुडघे अर्ध्या चढात हात टेकायचे.

मग सुरू झाली दुकानांची वारी. रुंद टायरचा मोह काशीदच्या वाळूपुरता. डांबरी रस्त्यावर तो भुंग्यासारखा घुमतो, आणि बॅटरी संपली की तीस किलोचं धूड ढकलायचं कोणी? सव्वादोन इंचांवर आलो. मोटर 250 वॅटची, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत. तेवढ्यात राहिलं की नंबरप्लेट नको, लायसन्स नको. पायडलपाशी बसवलेली मोटर गिअरमधून जोर लावते, म्हणून चढावर ती सरस. पण किंमत ऐकून मागल्या चाकातल्या मोटरवर समाधान मानलं. शिवाय पायडलपाशीच्या मोटरचा सगळा भार चेनवर, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात चेन किती टिकते ते मला ठाऊक आहे.

पैसे मोडले ते सेन्सरवर. स्वस्तातल्या सायकलला फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. जांभ्याच्या खडीवर पाय हलला की ती एकदम मागून ढकलते आणि चाक घसरतं. चाचणीच्या वेळी मी एकदा आडवा झालोच. महागातलीला पाय किती जोर लावतोय ते समजतं, ती तेवढीच साथ देते. जुन्या बैलासारखी.

सायकल घरी आली त्या आठवड्यात रात्री परतताना नाक्यावर वनरक्षकाने अडवलं. "कसली सायकल?" मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "बॅटरीची." त्याचा चेहराच बदलला. आमच्याकडे रात्री बॅटरी घेऊन फिरणारा माणूस सशाच्या डोळ्यांवर झोत मारायलाच निघालेला असतो. त्याने पिशवी उघडायला लावली. आत दुर्बीण, थर्मास आणि पक्ष्यांचं पुस्तक. मग तोच वाकून चार्जिंगचं भोक बघायला लागला. "काका, एका चार्जमध्ये किती जाते?" कंपनीचा आकडा सांगितला आणि त्यातून सुपेगावचा चढ वजा करायला सांगितलं.

पहिल्या पहाटे निघालो तेव्हा मोटरचा आवाज जेमतेम, दूरच्या घरात पंखा फिरावा तसा. अभयारण्याच्या बाहेरच्या रस्त्याने चढ संपवला, उतार लागला, पाय थांबवले. आणि टिकटिकटिकटिक! फ्रीव्हील. मोटरच्या आवाजावर मी तीन महिने डोकं खपवलं होतं, आणि हा कुठल्याही सायकलला असणारा आवाज माझ्या ध्यानीमनी नव्हता. वर ऐनाच्या शेंड्यावरून शेकरू असं खेकसायला लागलं की मीच शरमलो.

रेवदंड्याच्या मेकॅनिकने चाक खोललं, आतल्या दातांवर घट्ट ग्रीस चोपडायला निघाला आणि मधेच थांबला. "जास्त लावलं तर दात चिकटतील, चढावर पायडल रिकामं फिरेल. तोंडावर पडाल." मग बेताने लावलं. टिकटिक निम्मी झाली. उरलेल्या निम्मीवर उपाय मीच काढला: उतारावर ब्रेक धरायचा, मोटर बंद ठेवायची आणि पायाने हळू हळू जोर देत राहायचं. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटेल. पण चालतं.

डिसेंबरात एकदा असाच उतरत होतो. दव पडलेलं. वळणावर रस्त्याच्या कडेला भेकर उभं, कान माझ्याकडे वळवलेले, एक पुढचा पाय उचललेला. इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. श्वास धरून ब्रेक अजून जरा दाबला, आणि ओल्या डिस्कने अशी किंकाळी फोडली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकली. भेकर भुंकत, उड्या मारत चढावर पळालं. आजोबांच्या तोडीचा हाका झाला होता. मचाणावर तेवढं कोणी नव्हतं.