नुसते बसावयासाठी

कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी मंगळूर मागे पडले की खिडकी सोडीत नाही. नारळीच्या राया, खाड्यांवरील पूल, कौलारू घरे. रत्नागिरी-मालवणची आठवण पुनःपुन्हा व्हावी असाच हा मुलूख आहे. कोझिकोडला उतरणारे बहुतेक जण मिठाई गल्लीतील हलवा घेतात आणि १४९८ साली वास्को-द-गामा जेथे उतरला असे मानतात, तो काप्पाडचा किनारा पाहतात. आम्ही मात्र निराळ्याच कामासाठी आलो होतो.

येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या वेदना हलक्या करण्यासाठी एक संस्था स्थापन केली. मुंबईस वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून असे रोगी येऊन राहतात; केरळात शुश्रूषाच रोग्याच्या घरी जाते. गावोगावचे स्वयंसेवक त्यासाठी शिक्षण घेतात, शेजारीपाजारी वर्गणी देतात. २००८ साली केरळ शासनाने या सेवेसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

एका सकाळी परिचारिका आणि एक निवृत्त शिक्षक यांच्याबरोबर आम्ही गाडीतून निघालो. तीन घरी रोगी पाहून झाले. चौथ्या घरापाशी मी विचारले, “येथे कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. यजमान जाऊन सहा आठवडे झाले.”

“मग काही सामान परत न्यावयाचे आहे का?”

“हवेची गादी आठव्या दिवशीच नेली. ती आता दुसऱ्या गावी एका रोग्याच्या अंगाखाली आहे. आज न्यावयाचे काही नाही. नुसते बसावयाचे आहे.”

पन्नाशीच्या एक बाई दाराशी आल्या. परिचारिका त्यांना चेच्ची, म्हणजे ताई, म्हणत होती. बिनदुधाचा चहा आला. गुरुजींनी अंगणातील मिरीच्या वेलांची चौकशी केली. बराच वेळ कोणी बोलले नाही आणि त्याचा कोणाला संकोचही वाटला नाही. मग चेच्ची हळूहळू बोलू लागल्या. शेवटी पदर डोळ्यांना लावून त्या खूप रडल्या. “रडू नका” असे कोणीही म्हटले नाही.

मला मल्याळम येत नाही. परतीच्या वाटेवर परिचारिकेने सारे हिंदीत सांगितले. शेवटच्या रात्री यजमानांना मॉर्फीनची मात्रा चेच्चींनीच दिली होती आणि पहाटे ते गेले. आपल्याच हाताने ते गेले, हे शल्य सहा आठवडे त्यांच्या उरात होते. ते त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते.

परिचारिकेने लगेच समजूत घातली नाही. “औषधापूर्वी ते कसे होते?” असे तिने विचारले. “कण्हत होते.” “आणि नंतर?” “पाणी मागितले. माझा हात धरून झोपले.” तेव्हा तिने सांगितले की, ठरवून दिलेल्या मात्रेत दिलेले हे औषध प्राण घेत नाही, मृत्यू आजाराने आला, आणि चेच्चींनी दिली ती झोप.

ही हकीकत छापू का, असे मी निघण्यापूर्वी परिचारिकेकरवी विचारून घेतले होते. उत्तर आले होते, “नाव घालू नका. पण लिहा. दुसरी कोणी अशी जळत बसू नये.”

आपल्याकडेही दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेले असते. तेरावे उरकले की पाहुणे आपापल्या गाड्या धरतात, आणि खरे रितेपण तेव्हा सुरू होते. गुरुजी म्हणाले, त्या वेळी जावे. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. “विसरा आता” असे म्हणू नये. महिनोन्‌महिने झोप-अन्न सुटले, किंवा जगणे नको असे कोणी बोलू लागले, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

आम्ही निघताना चेच्ची फाटकापर्यंत आल्या होत्या. पुन्हा कधी येणार, असे त्यांनी विचारले होते. “मिरी तोडावयाच्या वेळी,” गुरुजी म्हणाले होते, “आणि त्याआधीही, पंधरा दिवसांनी.”

गाडी पाचव्या घराकडे वळली. तेथे रोगी होता.