विंचूरमध्ये कोळीगीते ऐकताना

निफाडहून येवल्याकडे जाताना विंचूर लागते. भोवती द्राक्षांचे मळे, कांद्याच्या चाळी. समुद्र कोसो दूर. पण येथील जुन्या विहिरींवर एके काळी मोटेची गाणी घुमत. ओढण्याच्या श्रमाला सूर लागतो, हे या गावाला नवे नाही.

म्हणूनच येथे कोळीगीतांचा कार्यक्रम रंगला. म्होरक्याने ओळ टाकावी, इतरांनी ती उचलावी, त्याच ठेक्यावर जाळे ओढावे. इंग्रज खलाशांची दोर ओढतानाची ‘शँटी’ गीतेही याच जातीची. पक्षाघातानंतर जवळजवळ अबोल झालेल्या मामांना न्यावे की नाही, यावर घरात बराच खल झाला होता. ध्वनिवर्धकापासून दूर, कडेच्या खुर्चीवर त्यांना बसविले. तरुणपणी मोट हाकलेले ते गृहस्थ! तिसऱ्या गीताला त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. उत्तराचे ‘हो’ अगदी स्पष्ट उमटले.

बोलणे खुंटले तरी गाणे अनेकदा शाबूत राहते. १९७३ साली बॉस्टनमधील तज्ज्ञांनी याच आधारावर सुरांतून, डाव्या हाताच्या ठेक्यासह, बोलणे शिकविण्याची पद्धत मांडली. सर्वांनाच ती लागू पडते असे नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाताना मात्र रुग्णाला पूर्वी कोणती गाणी पाठ होती, ते टिपून न्यावे.