श्रेणी न मिळालेल्या दोघी



91 ते 100 अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1... हे कोष्टक आपल्याला तोंडपाठ आहे. यंदा पहिल्या सत्राच्या निकालाच्या वेळी मी ते संगणकाला शिकवायला घेतलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात माहिती अर्थासकट मांडायची: अमुक ही विद्यार्थिनी, तिचे टक्के इतके. मग आपण नियम लिहायचा आणि निष्कर्ष संगणकाने काढायचा.

माझा नियम असा होता: 'क्ष विद्यार्थी असेल, त्याचे टक्के 81 किंवा जास्त आणि 90 किंवा कमी असतील, तर त्याची श्रेणी अ-2.' असे नऊ नियम लिहून चालवले. दोन मुलींपुढे श्रेणीच आली नाही. चूक झाल्याचा संदेशही नाही!

पहिलीला 600 पैकी 483 गुण, म्हणजे 80.5 टक्के. एक नियम 80 ला संपत होता, पुढचा 81 ला सुरू होत होता. पोरगी मधल्या फटीत पडली. कागदावर आपण पूर्णांक करूनच लिहितो, म्हणून ही फट कधी दिसलीच नव्हती. अर्धा टक्का पुढे मोजायचा असं ठरवून मी अ-2 ची हद्द '80.5 किंवा जास्त, 90.5 पेक्षा कमी' केली. 'किंवा' एकाच टोकाला ठेवायचं. दोन्ही नियमांत ठेवलं तर नेमक्या 80.5 वालीला दोन श्रेण्या मिळतात, दोन्हींतून काढलं तर एकही नाही.

दुसरी मुलगी परीक्षेआधीच आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. तिचे टक्के भरलेलेच नव्हते. शून्य टाकायला माझा हात पुढे झाला, आणि थांबले. शून्य टाकलं असतं तर नियमाने तिला लगेच इ-2 दिली असती. खरं सांगते, एक्सेलमध्ये इतकी वर्षं हेच होत होतं. '20 किंवा कमी' विचारलं की रिकाम्या चौकोनालाही ते 'हो' म्हणतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

इथे मात्र संगणक न सांगितलेल्या गोष्टीला 'नाही' मानत नाही, 'माहीत नाही' मानतो. त्यामुळे 'टक्के नसतील तर' असा नियमही लिहिता येत नाही. ते आपणच नोंदवावं लागतं. मी लिहिलं: 'मूल्यमापन बाकी'.

पहिलीच्या बाबतीत गप्प बसण्यात माझ्या नियमाची चूक होती. दुसरीच्या बाबतीत गप्प बसणंच बरोबर होतं. दोन्ही रकाने दिसायला मात्र सारखेच कोरे.

दुसरीला 19 चा पाढा उलटा म्हणता येतो. ती परत आली की आधी तिची परीक्षा घेणार आहे. तोवर तिचा रकाना तसाच राहील.