पोलिओ चालला, लंबेगो चालला नाही

पोलिओ हा इंग्रजी शब्द आहे आणि लंबेगो नाही, असा निकाल गेल्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत लागला. दोन्ही आजारांची नावं, दोन्ही कुठल्याही बऱ्या इंग्रजी शब्दकोशात सापडणारी. एकाला गुण मिळाले, दुसऱ्यावर लाल काट बसली. शाळकरी मुलांची स्पर्धा होती, कुणाचं आयुष्य त्यावर अडलेलं नव्हतं, हे मला कळतं. तरीही विषय निघाला की माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, सोड आता. मला सोडवत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आंतरशालेय इंग्रजी शब्दस्पर्धा होते. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून गुण मांडायला मला बोलावतात. शेवटच्या फेरीत चिठ्ठी काढून एक अक्षर ठरवतात आणि त्या अक्षराने संपणारे जितके सुचतील तितके शब्द दहा मिनिटांत अर्थासह लिहायचे असतात. शब्दाला एक गुण, अर्थाला एक. विशेषनामं बाद. त्या दिवशी चिठ्ठीत ‘ओ’ निघालं. समोरासमोर दोन शाळा होत्या. एक गावातली इंग्रजी माध्यमाची, दुसरी जवळच्या वाडीतली जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदेच्या गटाकडून कागदावर लिहीत होती सातवीतली एक मुलगी. तिचे वडील बाजारात बाइंडिंगचं काम करतात. शाळांची हजेरीपत्रकं, सोसायट्यांची दप्तरं, कुणाच्या घरच्या जुन्या पोथ्या.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी व्हिडिओ, रेडिओ, स्टुडिओ, फोटो, पियानो, टोमॅटो, पोटॅटो, हीरो, पोलिओ असे शब्द लिहिले. चांगली यादी होती. सगळ्या शब्दांना गुण मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. या मुलीच्या यादीत मँगो, बांबू, झीरो, पोटॅटो, शाम्पू होतेच. बांबू आणि शाम्पू आपण ऊकाराने म्हणतो, पण इंग्रजीत त्यांच्या शेवटी दोन ‘ओ’ येतात, हे त्या वयात ध्यानात असणं मला कौतुकाचं वाटलं. त्यांच्या पुढे तिने पाच वेगळे शब्द लिहिले होते: फोलिओ, ऑक्टेव्हो, कॅलिको, लंबेगो आणि मंगो.

यातला फक्त फोलिओ टिकला. बँकेच्या खातेवहीला फोलिओ नंबर असतो, तो परीक्षकांना माहीत होता. बाकी चारांवर त्यांनी काट मारली. समासात कारणं लिहिली होती, ती मला आजही पाठ आहेत. ऑक्टेव्हो: इटालियन. कॅलिको: कंपनीचं नाव. लंबेगो: वैद्यकीय. मंगो: स्पेलिंग चूक.

शेवटापासून सुरुवात करते, कारण चारही शब्दांत वादाला जागा असेल तर ती तिथेच आहे. परीक्षकांना वाटलं, मँगो लिहिताना मुलीने ‘ए’च्या जागी ‘यू’ घातला. पण मँगो वरच्या ओळीत बरोबर लिहिलेला होता आणि मंगोसमोर तिने अर्थ दिला होता, उडीद. घरी आणलेल्या बियाण्याच्या पिशवीवर उडदाचं शास्त्रीय नाव छापलेलं असतं, ‘विग्ना मंगो’. तिथून तिने तो उचलला होता. मुगाचं नाव विग्ना रेडिएटा आणि मुगासारखं ऐकू येणारं नाव मात्र उडदाला, हा घोळ वनस्पतिशास्त्रात झालेला आहे, त्याच्याशी तिचा संबंध नाही. इंग्रजी शब्दकोशात मंगो म्हणजे जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून केलेली हलकी लोकर. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात एकोणिसाव्या शतकात हा मोठा धंदा होता. त्यामुळे परीक्षक मी असते तर शब्दाचा एक गुण दिला असता आणि अर्थाचा राखून ठेवला असता. इतकं मी परीक्षकांच्या बाजूने मान्य करते.

लंबेगोबद्दल काहीच मान्य करणार नाही. लंबेगो म्हणजे कंबरदुखी, कंबरेच्या लॅटिन नावावरून आलेला शब्द. या मुलीच्या आजीची कंबर कायम धरलेली असते, डॉक्टरांच्या कागदावर तो शब्द तिने वाचला, अर्थ विचारून घेतला आणि लक्षात ठेवला. वैद्यकीय शब्द बाद हा नियम स्पर्धेच्या पत्रकात नव्हता. नियम असताच, तर पोलिओही गेला असता. पोलिओ हे पोलिओमायलायटिसचं तुटकं रूप. मुळात करड्या रंगाचा ग्रीक शब्द, मज्जारज्जूच्या करड्या भागाला होणारी सूज म्हणून आजाराला चिकटलेला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला, कारण रविवारी बूथ लागायचे, पोरांच्या बोटांवर शाई लागायची. भारतातला शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला आणि २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परीक्षकांच्या कानावरून गेलेला आजार इंग्रजी ठरला आणि न गेलेला परका. हे मोजमाप भाषेचं नाही.

ऑक्टेव्हो इटालियन म्हणून गेला. तो लॅटिनमधून आला आहे, पण तेही बाजूला ठेवू. छापखान्याचा मोठा ताव एकदा दुमडला की दोन पानं होतात, तो फोलिओ. दोनदा दुमडला की चार, तो क्वार्टो. तीनदा दुमडला की आठ, तो ऑक्टेव्हो. आठ पानं म्हणजे सोळा पृष्ठं. हे तीन शब्द एका कुळातले आहेत आणि इंग्रजी ग्रंथव्यवहार शतकानुशतकं त्यांच्यावर चालला. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली निघालेला संग्रह ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणूनच ओळखला जातो. फोलिओ ठेवायचा आणि ऑक्टेव्हो काढायचा, याला काय म्हणावं? त्या मुलीने समोर लिहिलं होतं, ‘कागदाच्या तीन घड्या’. बाइंडरच्या घरात वाढलेल्या मुलीने दिलेला इतका नेमका अर्थ मी आमच्या बी.ए.च्या वर्गातही ऐकला नव्हता.

आणि कॅलिको. इथे माझा संताप खरा आहे. कॅलिको नावाची कापडगिरणी अहमदाबादेत होती, हे खरं. पण गिरणीने नाव घेतलं ते कापडाचं, आणि कापडाने घेतलं ते गावाचं. केरळातल्या कोळिकोडचं, ज्याला युरोपियनांनी कालिकत केलं आणि जिथे १४९८ साली वास्को द गामा पोचला. त्या किनाऱ्यावरून युरोपात गेलेलं सुती कापड ते कॅलिको. पुढे हिंदुस्थानच्या इतर भागांतून गेलेल्या सुती कापडालाही हेच नाव पडलं. ब्रिटनमध्ये आज त्याचा अर्थ आपल्या मांजरपाटासारखं साधं, कोरं कापड असा होतो. अमेरिकेत तोच शब्द छापील सुती कापडाला लावतात. आपल्याकडचे बाइंडर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चढवतात त्या कापडालाही कॅलिकोच म्हणतात.

हे कापड इंग्लंडमधल्या बायकांना इतकं आवडलं, की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे कारागीर हवालदिल झाले. १७०० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील कापडावर तिथे वापरण्यापुरती बंदी घातली. त्याने भागेना. १७१९मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात कॅलिको नेसलेल्या बायकांना गाठून त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१मध्ये दुसरा कायदा झाला आणि बहुतेक छापील कॅलिको अंगावर घालणं, घरात वापरणं हाच गुन्हा ठरला. तो कायदा १७७४पर्यंत राहिला. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन कायद्यांचं नावच ‘कॅलिको अ‍ॅक्ट्स’ असं आहे. ज्या शब्दासाठी इंग्रजांच्या पार्लमेंटने दोनदा कायदे केले, तो शब्द आमच्या तालुक्यात कंपनीचं नाव म्हणून खोडला गेला.

मी बोलले. गुणपत्रिका बाजूला ठेवून परीक्षकांकडे गेले आणि म्हटलं, सर, हे शब्द शब्दकोशात आहेत, एकदा बघून घेऊ. शाळेचा मोठा शब्दकोश ऑफिसातल्या कपाटात होता आणि किल्ली लिपिकाकडे, ते जेवायला गेलेले. मी फोन काढला. सर म्हणाले, ‘मोबाइलवर काय वाटेल ते सापडतं, मॅडम.’ मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू या. ते म्हणाले, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, पत्रकात लिहिलंय.’ तेवढं मात्र पत्रकात लिहिलेलं होतं. जिल्हा परिषदेचे गुरुजी तरुण होते. तेच मला हळूच म्हणाले, ‘जाऊ द्या बाई, पुढच्या वर्षी बघू.’ मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाणार होती, आणि त्या शाळेत आठवीचा वर्ग नाही.

पाच गुणांनी ती शाळा हरली. कॅलिको, ऑक्टेव्हो, लंबेगो यांचे सहा आणि मंगोचा एक, असे सात गुण काटेखाली गेले होते.

परदेशी शब्द बाद, हा निकष खरोखर लावला तर काय होईल, हे मी घरी येऊन कागदावर करून पाहिलं. व्हिडिओ गेला, तो लॅटिनमधला ‘मी पाहतो’. स्टुडिओ आणि पियानो इटालियन. फोटो ग्रीक मुळावरचा. टोमॅटो मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. पोटॅटो कॅरिबियन बेटांवरच्या ‘बटाटा’चा स्पॅनिश अवतार, तोच आपल्याकडे पोर्तुगीजांनी जवळपास मूळ रूपात आणला. मँगो तमिळ-मल्याळममधून पोर्तुगीजांच्या तोंडी बसला आणि तिथून इंग्रजीत गेला. आमच्या हापूसचं अल्फान्सो हे नावही पोर्तुगीज, अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून पडलेलं, आणि त्याचंही इंग्रजी स्पेलिंग ‘ओ’नेच संपतं. शाम्पू आपल्या ‘चंपी’च्या कुळातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटनला मालिशीची न्हाणीघरं काढली आणि त्यांच्यामुळे तो तिकडे गाजला. झीरोचा प्रवास तर शाळेत शिकवावा असा. संस्कृत ‘शून्य’चं अरबांनी ‘सिफ्र’ केलं, फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने १२०२च्या आपल्या ग्रंथात त्याचं लॅटिन रूप घातलं, आणि झिजत झिजत तो झीरो झाला.

मग अस्सल इंग्रजी काय उरलं? गो, नो, सो, डू, टू, हू, अगो आणि असेच आणखी मोजके. ‘ओ’ने संपणारे बाकीचे जवळजवळ सगळे इंग्रजी शब्द बाहेरून आलेले आहेत. परकेपणावरून शब्द काढायचे असतील तर त्या फेरीसाठी ‘ओ’ हे अक्षरच निवडता कामा नये.

खरं तर अवघड, दुर्मिळ शब्द पाठ करण्याच्या मी विरोधात आहे. मुलांना मी नेहमी सांगत आले, की छोटे शब्द नीट वापरा, वाक्य सरळ लिहा, कोशातली चमत्कारिक रत्नं गोळा करत बसू नका. ब्रॅगाडोशिओ म्हणजे पोकळ बढाई आणि पेकडिलो म्हणजे किरकोळ गुन्हा, हे माहीत असून पत्र लिहिता येत नसेल तर काय उपयोग? हे माझं मत आजही आहे. अशा स्पर्धा बंद झाल्या तरी मला दुःख होणार नाही, असं मी स्पर्धेच्या आदल्या दिवशीच कुणाला तरी म्हणाले होते. पण त्या यादीने मला गोंधळात टाकलं. त्या मुलीने शब्द पाठ केलेले नव्हते. तिच्या घरात कापड होतं, ताव होते, आजीची कंबर होती, बियाण्याची पिशवी होती, आणि त्यांची नावं तिने वाचली होती. हा दुर्मिळ शब्दांचा शौक म्हणायचा, की शिकणं यालाच म्हणायचं? आता मला वाटतं, स्पर्धा व्हाव्यात, आणि जरूर व्हाव्यात. दोन्ही मतं एकत्र नांदत नाहीत, हे मला दिसतं. त्याला माझा इलाज नाही.

परीक्षकांविषयीही एक सांगायला हवं. ते सज्जन आहेत, मुलांसाठी वेळ काढतात, मानधन घेत नाहीत. इंग्रजी चांगलं बोलतात. सगळे शब्द त्यांना माहीत असावेत, अशी माझी अपेक्षा नाही. मलाही मंगोचा लोकरीचा अर्थ घरी येऊन शोधावा लागला. माझी तक्रार एवढीच आहे, की जो शब्द आपल्याला ठाऊक नाही तो अस्तित्वातच नाही, असं त्यांनी धरलं, आणि किल्ली आणणारा माणूस येईपर्यंत थांबले नाहीत.

जे शिक्षक, पालक, मंडळांचे कार्यकर्ते अशा स्पर्धा घेतात, त्यांना माझी विनंती आहे. चषक लहान घ्या, हारतुरे कमी करा, पण टेबलावर एक जाडजूड शब्दकोश ठेवा, उघड्या कपाटातला, किल्ली न लागणारा. अनोळखी शब्द दिसला की काट मारण्याआधी तो उघडा. पत्रकात लिहा, ‘शब्दकोशाचा निर्णय अंतिम’. आणि मूल वेगळा शब्द लिहून आणेल तेव्हा आधी त्याला विचारा, हा तुला कुठे भेटला?