कमान

ट्रककडे आपण पाहतो ते त्याच्या तोंडाकडे. कपाळावर रंगवलेले देवाचे नाव, आरशाला बांधलेला काळा गोंडा, बंपरखाली लोंबणारी लिंबू-मिरची, आणि तो पुढे निघून गेला की पाठीवरचा एखादा फटकळ शेर. बहुतेकांची ट्रकशी ओळख एवढ्यावरच आटोपते. सात-आठ टन ओझे घेऊन तो खड्ड्यांतून धडधडत जातो तेव्हा ते सगळे धक्के कोण सोसते, हे वाकून पाहायला कोणाला सवड आहे? आणि साठीला टेकलेली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई पदर खोचून ट्रकखाली वाकते, हे तर आपल्याकडे कोणी ऐकलेही नसेल. मला मात्र तो योग आला.

धक्के सोसते ती कमान. हा शब्द आपल्याला फारसीने दिला आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. ट्रकची कमान म्हणजे खरोखरच उताणे ठेवलेले धनुष्य असते. पोलादाच्या लांब पट्ट्या (त्यांना पाटे म्हणतात) एकाखाली एक रचलेल्या; सर्वांत वरचा सर्वांत लांब, आणि त्याखालचे क्रमाक्रमाने आखूड. मधोमध दोन यू-बोल्टांनी ही चवड एक्सलला आवळलेली. वरच्या पाट्याची टोके वळवून त्यांचे ‘डोळे’ केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून पिना घालून सगळा सांगाडा तोललेला असतो. वजन आले की बाक कमी होतो, धक्का सरला की तो पुन्हा येतो. जितका भार तितका बाक, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली ग्रंथात मांडला. आणि 1804 साली ओबाडाया इलियट नावाच्या इंग्रजाने घोडागाडीसाठी अशा पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले. आपल्या बैलगाडीला कमान नव्हती. तिच्यातून माहेरी जाऊन आलेल्या आमच्या आजीची कंबर पुढे दोन दिवस त्याची साक्ष देत असे.

आमचा ट्रक टाटांचा, 1210, सन 1985 चा. जमशेदपूरला टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले आणि 1969 साली तो करार संपला. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आमचे अण्णा आपल्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत. कर्ज काढून त्यांनी ती घेतली. रत्नागिरीहून जांभ्याचा चिरा भरून आंबा घाटाने कोल्हापूरला न्यायचा आणि येताना गुळाचे रवे आणायचे, हा त्यांचा नेम. मासळीच्या दिवसांत मिरकरवाड्याच्या बंदरावर खाऱ्या पाण्याच्या थारोळ्यात ती तासन् तास उभी असे. वर रत्नागिरीचा पाऊस! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर तो कोसळतो. मीठ, पाणी आणि लोखंड या तिघांची गाठ पडल्यावर आणखी काय व्हायचे?

दर अमावास्येला अण्णा गाडी काढीत नसत. शेजारीपाजारी म्हणत, माणूस मोठा श्रद्धाळू! लिंबू-मिरची बदलली जाई हे खरे, पण ती बांधायला दोन मिनिटे लागत. उरलेला सगळा दिवस अण्णा गोणपाट अंथरून गाडीच्या खाली असत. तारेच्या ब्रशाने पाटे घासायचे, ग्रीसगनने प्रत्येक निपलातून ग्रीस भरायचे, यू-बोल्टांच्या नटांवर पाना लावून पाहायचा. अण्णा 2009 साली गेले आणि गाडी माझ्या धाकट्या भावाकडे आली. तोही अमावास्या पाळी. लिंबू-मिरची न चुकता बांधी आणि उरलेला दिवस झोपून काढी.

सन 2014 च्या पावसाळ्यानंतर गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढू लागली. दसऱ्याला आईने तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आणि दुसऱ्या दिवशी भाऊ ती मेस्त्रींकडे घेऊन गेला. पैशांचा प्रश्न निघणार हे ठाऊक असल्यामुळे मीही बरोबर गेले.

मेस्त्री म्हातारे, अण्णांच्या वेळचे. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. लांब उभे राहून नुसते पाहिले आणि म्हणाले, “डाव्या अंगावर बसलीय.” मग खाली शिरले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “हार वर घातलात, खाली ग्रीस कधी घातलं होतंत?” भाऊ काही बोलला नाही.

मग त्यांनी मलाच बोलावले. “ताई, बघा तुम्ही. तुम्ही शिकवणाऱ्या बाई.” मी वाकले. डाव्या कमानीचा दुसरा पाटा आरपार तुटलेला होता. पाट्यांच्या फटींतून गंजाचे पापुद्रे फुगून बाहेर आले होते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फटीत शिरला की पाटे एकमेकांपासून रेटतो आणि त्यांना जखडूनही टाकतो. पाट्यांनी एकमेकांवरून सरकायचे असते. सरकणे थांबले की कमान दबत नाही, धक्का सरळ वर जातो. शिवाय गंजाने पोलादाला बारीक खळगे पडतात आणि हरेक खळग्यातून तडा सुरू होऊ शकतो. मेस्त्रींनी वरचा मुख्य पाटा घासून त्यावर रॉकेल फिरवले, कोरडा पुसला आणि खिशातून खडू काढून वर चोळला. खडू तर माझ्या जन्माच्या ओळखीचा! क्षणभरात त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल पाझरून वर आले होते. फळ्यावर मी आयुष्यभर रेघा मारल्या. पण त्या रेघेने जसा पोटात गोळा आणला तसा दुसऱ्या कुठल्याही रेघेने आणला नसेल.

भावाचे म्हणणे सोपे होते. दिवाळीपूर्वी कोल्हापूरच्या कंत्राटदाराला चिऱ्याच्या चार फेऱ्या द्यायच्या होत्या. “ताई, तूर्त वेल्डिंग मारून घेऊ. शेजारचा पाचशे रुपयांत करून देतो. चार फेऱ्या होऊ देत, मग दिवाळीनंतर निवांत बघू.”

मेस्त्री म्हणाले, “पाट्याला वेल्डिंग मारलं की तो पाटा राहत नाही.” मी कारण विचारले. पाट्याचे पोलाद साधे नसते. त्यात सिलिकॉन, मँगेनीझ मिसळलेले असते. ते लाल तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी देतात, तेव्हा कुठे त्याला वाकून परत येण्याचा गुण येतो. वेल्डिंगच्या आचेने तेवढ्या जागेचे पाणी उतरते. सांधा टिकतो आणि त्याच्या शेजारचे पोलाद ठिसूळ होऊन काचेसारखे तुटते.

“आणि तुटेल कुठे?” मी विचारले.

“ब्रेक दाबताना पुढच्या कमानीवर सगळ्यात जास्त जोर. म्हणजे घाट उतरताना, गूळ भरून येताना. मुख्य पाटा गेला की त्या अंगाचा एक्सल मागे सरकतो. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.”

आंबा घाटाची वळणे मला पाठ आहेत. मी भावाला म्हटले, “फेऱ्या जाऊ देत.” पडवीची कौले बदलण्यासाठी मी पेन्शनीतून वीस हजार बाजूला टाकले होते, ते बहुतेक सगळे लागणार होते, कारण मेस्त्री दोन्ही बाजूंच्या कमानी बदला म्हणत होते. उजवीला काय धाड भरली आहे, असे भावाने विचारून पाहिले. नवी कमान ताठ आणि जुनी थकलेली. मग गाडी जुनीकडे कलणार, टायर एका अंगाने झिजणार, असे त्यांचे उत्तर. भाऊ माझ्यावर चिडला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कंत्राटदाराने चिरा दुसऱ्याच्या गाडीने नेला.

काम चार दिवस चालले. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकने उचलून चासीखाली जाड ओंडके दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे नाही, हा मेस्त्रींच्या गॅरेजचा पहिला नियम. यू-बोल्टांचे नट फिरेनात, तेव्हा ते गॅसने कापले. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात म्हणून पुन्हा वापरायचेही नसतात. मागच्या टोकाला कमान एका लोंबत्या कडीला अडकवलेली असते. तिला शॅकल म्हणतात. कमान दबली की ती लांब होते आणि त्या लांबीला जागा शॅकल देतो. त्याची पिन बुशात गंजून एकजीव झाली होती. रात्रभर डिझेल मुरवले, सकाळी आच दिली, आणि घणाच्या कितव्या तरी घावाला ती सुटली. डावा ब्रॅकेट हाताने दाबला तर त्याचे पोपडे सुटले. तो रिव्हेटी कापून काढला आणि नवा बसवला. चासी खरवडून रेड ऑक्साइडचा हात दिला. नव्या पाट्यांमध्ये ग्राफाइटचे ग्रीस लावले, नवे बुश, नव्या पिना. शेवटी मेस्त्रींनी सुतळी घेतली. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत डावीकडून मापले, गाठ मारली आणि तीच सुतळी उजवीकडे धरली. गाठ नेमकी जागेवर पडली.

“तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या,” त्यांनी बजावले. भावाने तीनशे किलोमीटर होताच ते स्वतः आवळले. कार्तिकात गूळ घेऊन तो घाट उतरून आला तेव्हा चहा पिताना एवढेच म्हणाला, “ताई, सरळ उतरली ग. स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवली तरी पुरत होती.” त्याच्या तोंडून मला त्यापेक्षा जास्त काही नको होते.

पडवी त्या वर्षी गळली आणि पुढच्याही. खाली बादल्या ठेवून आम्ही दोन पावसाळे काढले. अमावास्येला मात्र गोणपाट पुन्हा निघाले. पुढे कधीतरी गाडी भंगारात गेली; लोखंडाला आयुष्य असतेच.

तो तुटलेला दुसरा पाटा मात्र भावाने गावच्या लोहाराकडे दिला होता. ट्रकच्या पाट्याचे पोलाद धार धरते, म्हणून लोहार त्याच्या कोयत्या करतात. त्यातली एक आमच्या स्वयंपाकघरात आहे. करंज्यांच्या सारणासाठी नारळ फोडायला आम्ही तीच घेतो, आणि एका घावात त्याची दोन समान भकले होतात.